वजन, ताट आणि पन्नाशीनंतरचं पळणं



मंदिरात, लग्नकार्यात, भाजीच्या गाड्यापाशी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काकू, पळून पळून वजन उतरवलंत ना?" विचारणारीच्या मनात पुढचं उत्तर तयार असतं. पळणं आपल्याला जमायचं नाही, म्हणजे वजनही उतरायचं नाही, विषय संपला. म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं वजन उतरलं ते मुख्यतः ताटामुळे. पळण्याने मला दुसरंच काही दिलं, आणि मला ते वजनापेक्षा मोलाचं वाटतं. ही दोन खाती वेगळी ठेवली की दोन्ही नीट चालतात.

आधी आकडे सांगते, कारण बी.कॉम. झालेल्या बाईला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. बावन्नाव्या वर्षी माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो आणि कंबर ९६ सेंटीमीटर होती. आपल्याकडच्या बायकांसाठी डॉक्टर कमरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.२ आली होती. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ ला आपण घरात शिरलो.

त्या घरात माझी आई वीस वर्षं राहिली. साठीच्या आतच तिला मधुमेह झाला, मग गुडघे गेले. मंदिराच्या पाच पायऱ्या चढायला दोन माणसं लागायची. जन्मभर जमिनीवर बसून सामायिक केलेली बाई, शेवटची आठ वर्षं तिला खाली बसता आलं नाही. तक्रार तिने कधी केली नाही. एकदाच म्हणाली, "बाळ, देवापुढं वाकता येत नाही गं, बाकी काही नाही." माझा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला हेच वाक्य आठवलं. मला बारीक दिसायचं नव्हतं. म्हातारपणी खाली बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं, एवढंच हवं होतं.

मग हिशेबाला बसले. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. मला १३ किलो उतरवायचे होते. गुणाकार आला १,००,१००. म्हणजे लाखाचं कर्ज! पण वीस महिन्यांत, सहाशे दिवसांत फेडायचं म्हटलं तर रोजचा हप्ता १६७ चा पडतो. लाखाने छाती दडपते, १६७ ने दडपत नाही. शरीर बँकेसारखं चालत नाही हे खरं. वजन उतरतं तसा शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो, त्यामुळे शेवटचे किलो फार रेंगाळतात. तरी सुरुवात करायला एवढा हिशेब पुरे होता.

आता पळण्याची बाजू बघा. एक किलोमीटर पळायला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोची बाई तीन किलोमीटर पळाली तर २१० कॅलरी खर्च झाल्या. घरी येऊन तिने तुपाची धार सोडलेली एक पुरणपोळी खाल्ली की सगळं परत जमा, वर थोडं जास्तच. उलट तेलाचं खातं काढा. पंधरा मिलीच्या मोठ्या चमचाभर तेलात जवळपास १२० कॅलरी असतात. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागायचं, ते मी अडीचवर आणलं. वाचलेलं दीड लिटर चौघांत वाटलं तर माणशी रोजच्या शंभर कॅलरी होतात, आणि त्यासाठी कुणाला घाम गाळावा लागला नाही. फोडणीचं तेल अंदाजाने ओतायच्या ऐवजी चमच्याने मोजून घातलं. तळण आठवड्यातून एकदाच ठेवलं. चहातली साखर निम्मी केली आणि चहासोबतच्या चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेला. पंधरा दिवस घरच्यांनी कुरकूर केली, मग जिभा रुळल्या.

आपल्याकडे तर याचं शास्त्रच आहे. सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. स्त्रीचा पूर्ण आहार अठ्ठावीस घास धरून त्यातून कमी करत जायचं, असं मोजमापसुद्धा सांगितलं आहे. मी घास मोजले नाहीत, पण ताटातली तिसरी चपाती गेली आणि भाताचा दुसरा वाढा गेला. सूर्यास्तापूर्वी जेवायची सवय होतीच, त्यामुळे रात्री टीव्हीसमोर बसून खाण्याचा प्रश्न आला नाही.

पण एक सांगते, उपवास वजनासाठी करू नका. तप निर्जरेसाठी आहे, काट्यासाठी नाही. दशलक्षणात जे तीन-चार किलो उतरतात त्यात पाणीच बरंच असतं, ते पारण्यानंतर परत येतं. मग मन खट्टू होतं आणि पुढच्या उपवासात लक्ष वजनाकडे राहतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाशनसुद्धा धरू नये.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. आपल्या ताटात भात-भाकरी पोटभर आणि आमटी पातळ, असं असतं. मी दोन्ही वेळेला वाटीभर घट्ट डाळ सुरू केली. दूध-पनीर वेगळ्या वेळेला घेते आणि दही तर डाळीच्या जेवणात नकोच, म्हणजे द्विदलाचा दोष लागत नाही. मूठभर शेंगदाणे सकाळी. आणि बी-१२ तपासून घ्या बरं का. शाकाहारी घरांत ते कमी निघणं फार सर्रास आहे, आणि ते कमी असेल तर सारखा थकवा येतो, पायांना मुंग्या येतात.

मग पळायचं कशाला? तर चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि पाळी गेली की हाडंही विरळ व्हायला लागतात. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. बाई बारीक होते, पण खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेते. पाय जमिनीवर आपटतो तो भार हाडांना हवाच असतो, आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर वापरतो. जमिनीवरून उठण्याची ताकद मला ताटातून मिळाली नसती.

गुडघ्यांची भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. त्यावर एक हिशेब माझ्या कामी आला. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. म्हणून मी आधी आहार आणि चालणं यांवर सहा किलो उतरवले. म्हणजे पहिल्यांदा पळले तेव्हा गुडघ्यांना पावलागणिक चोवीस किलोंची सूट मिळाली होती.

खरं तर पळणं मला नवीन नव्हतं. कॉलेजात मी ८०० मीटर पळायचे. आमच्या वेळी मुलींनी त्याहून लांब पळावं असं फारसं कुणाला वाटायचं नाही, आणि हे नुसतं आपल्याकडचं नव्हे. ऑलिम्पिकमध्ये बायकांना ८०० मीटर १९२८ साली मिळालं आणि लगेच बंद झालं, ते थेट १९६० मध्ये परत आलं. १५०० मीटर १९७२ साली आणि मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ती बातमी मी सहा महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन वाचली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं पळणं म्हणजे शाळेची बस गाठण्यापुरतं.

पुन्हा सुरू करताना "लोक काय म्हणतील" हे होतंच. त्याच सुमाराला बारामतीच्या लता करे यांची बातमी सगळीकडे आली. साठीची बाई, नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिली आली. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमाही निघाला. तिच्यापुढे माझी अडचण काय, तर सलवार-कमीज घालून रंकाळ्यावर पळताना ओळखीचं कुणी भेटेल! भेटले की. "वहिनी, कुठं निघालात एवढ्या घाईनं?" असं विचारायचे. महिनाभर विचारलं, नंतर हात करायला लागले.

रीत सांगते. आधी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, साखर, ईसीजी. मग तीन महिने नुसतं भरभर चालणं. त्यानंतर एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं, असं आलटून पालटून वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस विश्रांती. या पद्धतीने नऊ आठवड्यांत सलग अर्धा तास पळता येतं असं कोष्टक आहे. मला सव्वीस आठवडे लागले. एकेक आठवडा मी तीनदा केला, कुणी परीक्षा घ्यायला येणार नव्हतं. वेग किती ठेवायचा? पळता पळता णमोकार मंत्र न धापता पूर्ण म्हणता आला पाहिजे. मध्येच श्वास तुटला तर चालायला लागायचं. बूट कापडी आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे. आणि मी उजाडल्यावरच निघते. चार हात जमीन बघून चालावं हे आपल्याला शिकवलेलंच आहे. पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळं-गोगलगायी फार असतात, तेव्हा घरचाच जिना चढ-उतार करते.

एक गोष्ट आपण आपसातही बोलत नाही. पळताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात म्हणून कितीतरी जणी व्यायाम सोडून देतात. बाळंतपणं झालेल्या बायकांत हे फार आढळतं आणि याला उपाय आहे. लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे. दिवसातून तीन वेळा दहा-दहादा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. मला तीन महिन्यांत फरक पडला. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, लाजू नका. आणि पळताना आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रं घ्या, तिथे काटकसर नको.

सगळ्यात अवघड मात्र यातलं काहीच नव्हतं. अवघड होता सकाळचा एक तास. सहा ते सात हा वेळ घरात माझा नव्हताच. दूध, पाणी गाळणं, सासूबाईंचा चहा, यांचा डबा. तो तास कुणी आपणहून देत नाही, मागावा लागतो. मी ह्यांना सरळ म्हटलं, "आठवड्यातले तीन दिवस सकाळचा चहा आणि दूध तुमच्याकडे." सासूबाई म्हणाल्या, "या वयात कसलं गं पळणं?" मी म्हटलं, "आई, उद्या तुम्हाला उचलायची वेळ आली तर माझ्या अंगात बळ नको का?" त्या हसल्या, पण पुढे तसंच झालं. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा आठ महिने माझं पळणं बंद होतं, आणि त्यांना कुशीवर वळवताना, उठवून बसवताना माझी पाठ एकदाही धरली नाही.

त्या आठ महिन्यांत चार किलो परत आले. ते धरूनच चालायचं. घरात आजारपण येतं, लग्नं येतात, लॉकडाऊन येतो. पुन्हा एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, तिथूनच सुरुवात करायची. दुसऱ्या वेळी मला अकरा आठवडे पुरले.

आज मी चौसष्ट वर्षांची आहे. वजन ६१ ते ६३ च्या मध्ये हलतं, एचबीएवनसी ५.६ आहे. आठवड्यातून तीनदा चार किलोमीटर पळते, तेही इतकं सावकाश की चालणारी कॉलेजची मुलं पुढं निघून जातात. सामायिकाला चटईवर बसते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. कमरेला टेप लावून आकडा लिहून ठेवा, आणि महिन्याच्या किराण्याच्या यादीत तेल किती आहे ते बघा. बूट नंतर आणू.

जय जिनेंद्र.