तर्जनी

मॅट्रिक झालो आणि एका छापखान्यात चिकटलो. १९९८ ची दिवाळी तोंडावर आली होती. शुभेच्छापत्रांची घाई होती. ट्रेडलने उजव्या हाताची तर्जनी मुळापासून नेली. मालक धावत आले नि म्हणाले, "किती कार्डं खराब झाली?"

वडील हात जोडायला निघाले. खिळे जुळवणाऱ्या तात्यांनी अडवले, "भीक कसली मागता? हक्क आहे तो!" तेव्हाच्या, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात सबंध तर्जनी म्हणजे कमाईच्या शक्तीत १४ टक्के घट, असे छापलेलेच होते. अर्ज केला, पैसे मिळाले, नोकरी गेली.

आता खडू मधल्या बोटाने पेलतो. मुले विचारतात, "गुरुजी, फार दुखलं का हो?" मालकांनी एवढेच विचारले असते, तर मी बापड्याने अर्जच केला नसता. बरे झाले, विचारले नाही!