मिरवणुकीत चुकणारा बेंजो

रॉक बँडमध्ये विजेवरच्या गिटारीला जे स्थान आहे, तेच रायगड जिल्ह्यातील मिरवणुकांत बेंजोला आहे. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचे, पोलादी तारांचे बुलबुलतरंग असून, त्याचे मूळ जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. आपल्याकडे त्याला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे चुंबकीय वेटोळे, बसवले गेले आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, कीबोर्ड व ताशा त्याच्या साथीला आले.

रोह्यातील एका विसर्जन मिरवणुकीत असे वादन प्रस्तुत लेखकाने वादक व ध्वनिवर्धक वाहून नेणाऱ्या ट्रॉलीलगत चालत ऐकले, तेव्हा गाणे वारंवार विस्कटत होते आणि दर वेळी लोकांच्या नजरा बेंजोवाल्याकडे वळत होत्या. बिघाड मात्र जनरेटरपाशी होता. रोषणाई आणि ध्वनिवर्धक एकाच जनरेटरवर असल्याने कीबोर्डचा खर्ज उसळला की विजेचा दाब घसरे, दिवे मंदावत आणि ऑक्टोपॅड बंद पडून पुन्हा सुरू होताना मूळच्या ध्वनिसंचावर जाई. मग ढोलकीच्या अपेक्षेने मारलेल्या काठीतून भलताच आवाज निघे आणि वादकाला एका हाताने ठेका धरून दुसऱ्या हाताने बटण फिरवत ढोलकी शोधावी लागे. जयघोषासाठी माइक घेतलेला कार्यकर्ता ध्वनिवर्धकासमोर आला की कर्कश शिट्टी उठे. माइकमध्ये शिरलेला आवाज ध्वनिवर्धकातून मोठा होऊन पुन्हा माइकमध्येच शिरतो, त्या चक्राला फीडबॅक म्हणतात.

ताल चुकण्याचे कारण याहून सूक्ष्म होते. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 34 मीटर पुढे चालणाऱ्या ताशेवाल्याला बेंजो एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याचा ताशा ट्रॉलीपर्यंत परतताना आणखी तेवढाच उशीर होतो. मिनिटाला 150 मात्रांच्या लयीत हा एकूण उशीर अर्ध्या मात्रेचा ठरतो. दोघेही आपापल्या कानांशी प्रामाणिक असतात, तरी ऐकणाऱ्याला दोघेही चुकलेले वाटतात. त्या गोंधळात बेंजोवाल्याची बोटे कळांवर एकदाही अडखळली नाहीत, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

मंडळांनी वाद्यांसाठी वेगळा जनरेटर द्यावा, ताशेवाल्यांना ट्रॉलीजवळ चालू द्यावे आणि मिरवणूक निघण्यापूर्वी ध्वनिचाचणीसाठी अर्धा तास राखून ठेवावा.