हाताला काहीतरी हवं

‘पेगन’ला मराठी शब्द शोधायला गेलं की ‘मूर्तिपूजक’ मिळतो, आणि तो काही कामाचा नाही. मूर्तिपूजक तर आपल्या गल्लीतले निम्मे लोक असतात. मूळ लॅटिन शब्द ‘पागानुस’. ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख. तिथे राहणारा तो पागानुस. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत गेलं तेव्हा जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हे नाव चिकटलं. ते नेमकं का चिकटलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण सूर कौतुकाचा नव्हता एवढं नक्की. पुढे विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या काही शिकल्यासवरलेल्या शहरी माणसांनी ही हेटाळणी उचलली आणि हौसेने स्वतःला लावून घेतली.

मीही लावते. २०१८पासून ब्रिस्टलमध्ये राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि कुणी धर्म विचारलाच तर ‘पेगन’ म्हणते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी हेच सांगितलं. २०११मध्ये हा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. त्या फॉर्मवर हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू यांच्या चौकटी आहेत. पेगनची नाही. ‘इतर’वर टिक करून समोरच्या रिकाम्या जागेत आपणच लिहायचं. मला ते आवडलं. बाकी सगळं हयातभर बाय डिफॉल्ट भरलेलं असतं, इथे निदान टाइप तरी करावं लागतं.

हे सगळ्यांत अवघड गेलं ते बाबांना सांगायला. ते धार्मिक आहेत म्हणून नाही, अजिबात नाहीत म्हणून.

*

आम्ही साताऱ्याचे. नरेंद्र दाभोलकरांचा सातारा. त्यांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि बाबा लवकरच तिच्यात ओढले गेले. घरात देव्हारा नव्हता. नारळ आपोआप कसा पेटतो, लिंबातून रक्त कसं निघतं, यामागची रसायनं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. शाळेत प्रयोग करून दाखवायला बाबा मला सोबत न्यायचे आणि मी टाळ्या घ्यायचे.

आई या सगळ्यात वाद न घालता होती. सभांना येणाऱ्यांचा चहा ती करायची, देहदानाचा फॉर्मही तिने बाबांच्या आधी भरला. फक्त माहेरी गेली की मळ्यातल्या विहिरीकडे जायची. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. ती हळदकुंकू वाहायची, खोबऱ्याचा तुकडा ठेवायची, दोन मिनिटं उभी राहायची. मी दहा वर्षांची असताना, बाबांची चेली या नात्याने, तिला विचारलं होतं, “तुझा विश्वास आहे का यांच्यावर?” ती म्हणाली, “विश्वासाचं काय त्यात? त्या इथल्या आहेत. आपण येणारे-जाणारे. आलो की सांगायचं, आलो म्हणून.”

आई २०१७च्या ऑगस्टमध्ये गेली. हार्ट अटॅक. सकाळी नऊला गेली आणि दुपारी दोनपर्यंत मेडिकल कॉलेजची गाडी तिला घेऊन गेलीसुद्धा. तिचीच इच्छा होती, आणि ती पाळली गेली याचा मला आजही अभिमान आहे. पण मग संध्याकाळी काका-मामा जमले. दहावा तरी करा, चुलतभाऊ पिंड द्यायला तयार आहे, असा आग्रह सुरू झाला. बाबा ठाम राहिले. दोन्ही बाजू तत्त्वाने भांडल्या. शेवटी शोकसभा झाली, चांगली भाषणं झाली, एक झाड लावलं गेलं. खड्डा नगरपालिकेच्या माणसाने आधीच खणून ठेवला होता.

त्या दहा दिवसांत मला हाताने करण्यासारखं काहीही नव्हतं. राख नव्हती, अस्थी नव्हत्या, पान वाढायचं नव्हतं. परंपरेच्या बाजूने करणारा चुलतभाऊ होता, कारण मी मुलगी. विवेकाच्या बाजूने करण्याजोगं काही नव्हतंच. अकराव्या दिवशी मी पुण्याला ऑफिसात जाऊन बसले.

*

ब्रिस्टलला आल्यावर एका सहकारणीने मला ‘मूट’ला नेलं. मूट म्हणजे पेगन लोकांची महिन्याची बैठक, बहुतेकदा एखाद्या पबच्या वरच्या मजल्यावर. अंगात काळे झगे घातलेली माणसं असतील अशी माझी तयारी होती. होते ते एक निवृत्त पोस्टमन, दोन नर्सेस, पीएचडी करणारी एक मुलगी आणि चिप्सची मोठी बशी. चर्चा नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची चालली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी मला साउइनला बोलावलं. ३१ ऑक्टोबरची रात्र, त्यांच्या वर्षाचा शेवट, मेलेल्यांची आठवण करायची रात्र. त्यात एक मूक जेवण असतं. एक पान गेलेल्यांसाठी वाढायचं आणि सगळ्यांनी न बोलता जेवायचं. आपापल्या माणसाला आवडणारं काहीतरी करून आणायचं. मी ईस्टनमधल्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं, भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची आमटी केली. ती आईच्या नावाने त्या ताटात वाढली. पाऊण तास कुणी काही बोललं नाही. मला कुणी मंत्र सांगितला नाही, नातं विचारलं नाही, मुलगा कुठे आहे असंही विचारलं नाही. मला रडू आलं आणि पोस्टमनकाकांनी पेपर नॅपकिनचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

पितृपक्ष नुकताच होऊन गेला होता. म्हणजे साताऱ्यातही तेव्हा पानं वाढली गेली होतीच. तिथे माझ्यासाठी जागा नव्हती आणि इथे होती, एवढाच फरक. पण तो एवढाच नव्हता.

*

टेस्टर असल्याने मी आधी हे कुठून आलं ते खणायला लागले. हा हजारो वर्षांचा, चेटकिणींच्या होळ्यांमधून लपूनछपून टिकलेला धर्म आहे, असं पुष्कळ पुस्तकांत सापडतं. तसं नाही. विक्का या त्यातल्या सगळ्यांत माहितीच्या पंथाला जगासमोर आणलं जेराल्ड गार्डनरने. हा गृहस्थ हयातीतली कित्येक वर्षं सिलोन आणि मलायात रबराचे मळे सांभाळून, नंतर कस्टम्सची नोकरी करून इंग्लंडला परतला होता. त्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ १९५४ला आलं. आठ सणांचं वर्षचक्रही आजच्या रूपात १९५०च्या दशकात जुळवलं गेलं. शरद-संपाताच्या सणाचं ‘मेबन’ हे नाव तर १९७०च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं. हे सगळं पुराव्यानिशी मांडणारा इतिहासकार रोनाल्ड हटन ब्रिस्टल विद्यापीठातलाच. त्याचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ हे पुस्तक १९९९चं.

मला वाटलं होतं, मूटमध्ये या पुस्तकाचं नाव काढलं तर माणसं चिडतील. काही चिडतातही. पण आमच्या पोस्टमनकाकांकडे त्याची खुणा करून ठेवलेली प्रत होती. ते म्हणाले, “सगळेच धर्म कुणीतरी कधीतरी बनवले. आमचा कुणी बनवला ते आम्हाला माहीत आहे, एवढंच.” साताऱ्याच्या मुलीला धर्माबद्दल इतकं प्रामाणिक वाक्य याआधी कुणी ऐकवलं नव्हतं.

आणि ते बनवता येतं म्हटल्यावर दुरुस्तही करता येतं. ऑस्ट्रेलियातले बरेच पेगन साउइन एप्रिलच्या अखेरीला करतात, कारण त्यांच्याकडे हिवाळ्याची चाहूल तेव्हा लागते. तारखेपेक्षा जागा मोठी. आई विहिरीवर दुसरं काय सांगत होती?

*

सगळं गोड आहे असं नाही. मूटला एका बाईंनी माझ्याकडे कालीमातेची चौकशी अशी केली, जणू मी तिची पीआर मॅनेजर. नॉर्स देवांना मानणाऱ्यांत गोऱ्या वंशाचं रक्त वगैरे बोलणारे गट आहेत. त्यांच्याशी संबंध नाही असं जाहीर करण्यासाठी त्याच पंथातल्या अनेक संस्थांनी २०१६मध्ये ‘डिक्लरेशन १२७’ नावाच्या निवेदनावर सह्या केल्या. रक्ताचं नाव निघालं की मी तिथून उठते, भाषा कुठलीही असो.

दुसरी बाजू घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची. “म्हणजे शेवटी आपलंच खरं निघालं, हिंदू हेच मूळ पेगन!” असा मामांचा मेसेज आला, सोबत तीन हात जोडलेले. मी उत्तर दिलं नाही, पण विचार केला. सात दगड, म्हसोबा, मरीआई, देवराईत कोयता न चालवण्याचा नेम, हे सगळं मला पबमधल्या त्या खोलीइतकंच जवळचं आहे. देवराया किती मोलाच्या आहेत हे माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासून दाखवलं, तेही भक्त म्हणून नव्हे. पण गावदेवाच्या पालखीला खांदा कुणी द्यायचा आणि लांब कुणी उभं राहायचं, हेही गावानेच ठरवलं. देवीला मुली सोडल्या गेल्या, पोतराजाने स्वतःच्या पाठीवर आसूड ओढावा असं ठरवलं गेलं, आणि ते कुणाच्या वाट्याला यावं हे जातीने ठरलं. माझं कुलदैवत मला जन्माने मिळालं. माझी वाट मला जन्माने मिळायला नको आहे. विहीर हवी आहे, पण पाणवठ्यावरची रांग नको.

*

बाबांना शेवटी मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी विचारलं, “पैसे किती घेतात?”

“काही नाही. माझं ड्रिंक मी विकत घेते.”

“बुवा कोण?”

“कुणी नाही, बाबा. काही गटांत दीक्षा असते, पुजारी-पुजारीण असतात. मी एकटी करणाऱ्यांतली. तसं चालतं.”

“ताप आला तर?”

“डॉक्टर. आणि पॅरासिटामॉल.”

हे त्यांचे नेहमीचे तीन प्रश्न. आयुष्यभर गावोगाव त्यांनी हेच विचारले. मग मी त्यांना आवडेल अशी गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये १७३५चा एक कायदा होता. जादू येते असा दावा करून लोकांना गंडवणाऱ्याला शिक्षा देणारा. १९५१ला तो रद्द झाला, फसवणूक करणाऱ्या माध्यमांपुरता नवा कायदा आला, आणि त्यानंतर गार्डनरसारखे लोक उघडपणे बोलू लागले. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३मध्ये, दाभोलकरांच्या खुनानंतर. “म्हणजे गंडवणं आणि मानणं यातली रेघ त्यांनीही आखली, आपणही आखली,” मी म्हणाले. “मी रेघेच्या या बाजूला आहे.”

“ते कळलं,” बाबा म्हणाले. “पण मग गरज काय? त्या दगडात काही आहे असं वाटतं का तुला?”

हा चौथा प्रश्न. ब्रिस्टलजवळ स्टँटन ड्रू नावाचं गाव आहे. तिथल्या कुरणात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची दगडांची वर्तुळं आहेत, सगळ्यांत मोठं ११३ मीटर व्यासाचं. गावकऱ्यांची दंतकथा अशी की लग्नाचं वऱ्हाड शनिवारी रात्री नाचत राहिलं, रविवार उजाडला तरी थांबेना, म्हणून सगळे दगड झाले. मी तिथे वर्षातून आठ वेळा जाते. गाईंच्या मधून वाट काढायची, एका दगडाला हात लावायचा, आले म्हणून सांगायचं. दगड गार असतो. उत्तर देत नाही. मागच्या वेळेपासून कोण गेलं, कोण आलं, माझं काय सुटलं, हे मी तिथे मोठ्याने बोलते. फोन गाडीत ठेवलेला असतो. परतताना मला बाकीचे दीड महिने पेलण्यासारखे वाटतात.

बाबांना म्हणाले, “दगडात काही आहे की नाही, मला माहीत नाही. दगडासमोर उभी राहणारी मी वेगळी असते, एवढं तपासून पाहिलंय. आई गेली तेव्हा तुम्ही बरोबर होतात. पण मला हाताला काहीतरी हवं होतं.”

ते गप्प झाले. त्यांच्या मागच्या कपाटात दामोदर कोसंबींचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ दिसत होतं. कोसंबी मार्क्सवादी, गणिती; तरीही पुण्याच्या आसपासचे डोंगर तुडवत शेंदूर लावलेले असेच तांदळे त्यांनी एकेक करून नोंदले. बाबांनी ते पुस्तक मला वाचायला दिलं तेव्हा मी कॉलेजात होते.

बाबा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. देहदानाचा त्यांचा फॉर्म त्याच कपाटात आहे आणि तो मी पाळणार आहे. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, “माझ्या मागे तुला काही करावंसं वाटलं तर कर. फक्त माझ्या नावाने कुणाला दक्षिणा देऊ नकोस. आणि शेंगदाण्याची आमटी नको. मला ती कधीच आवडली नाही, तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांनी मला त्यांच्या पद्धतीचं पिठलं शिकवलं.