पुस्तक कपाटात, वाचक दारात

आम्ही दोघी याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी, आता बडोद्यातच दोन कॉलेजांत ग्रंथपाल आहोत. "पुस्तके द्यायची नि घ्यायची, त्यात शिकायचे काय?" असे आम्हाला घरीदारी विचारतात. बडोदेकरांनी तरी हे विचारू नये! महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग इथे सुरू झाला. भारतातला तो पहिला मानतात. लाहोरचा वर्ग १९१५ चा. पुढे १९१२ मध्ये इथूनच निघालेल्या 'लायब्ररी मिसलेनी' त्रैमासिकात इंग्रजी-गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. बॉर्डन १९१३ साली परत गेले, शिकलेली माणसे इथेच राहिली.

आम्ही पदवी घेतली ती कार्डांवर नोंदी करत. मग संगणक आला आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत होऊ लागल्या. 'गाडगीळ' हे नाव एकीने एका तऱ्हेने टाइप केले, दुसरीने दुसऱ्या, की संगणकाच्या लेखी लेखक दोन. 'ळ'ला रोमनमध्ये वेगळे अक्षरच नाही. विद्यार्थी नाव शोधतो, पुस्तक नाही असे उत्तर मिळते आणि पुस्तक समोरच्या कपाटात धूळ खात असते. असे बरेच दिवस कोणी मागितले नाही की ते रद्दीत निघायलाही वेळ लागत नाही.

'सोल' या ग्रंथालय-प्रणालीच्या प्रशिक्षणात आम्ही युनिकोडमध्ये थेट देवनागरी नोंद करायला शिकलो. खरे शिक्षण जेवणाच्या सुटीत झाले, कारण गुजराती मैत्रिणींचेही 'ળ'चे दुखणे तेच निघाले!

कॉलेजच्या ग्रंथपालांना बढतीसाठी यूजीसीच्या नियमांप्रमाणे असे अभ्यासक्रम करावेच लागतात. तरीही आमच्यापैकी एकीची रजा दोनदा नामंजूर झाली, कारण काउंटरवर बसायला दुसरे कोणी नव्हते. शाळेच्या ग्रंथपालबाईंची अडचण तर याहून मोठी. त्या एकट्याच.

आपल्या शाळेतल्या जुन्या मराठी पुस्तकांची नोंद अजून हस्तलिखित रजिस्टरात आहे. विश्वस्त मंडळींना विनंती, की बाईंना पगारी रजेवर प्रशिक्षणाला पाठवावे. तेवढे दिवस सकाळची पाळी एक, दुपारची दुसरी, अशा आम्ही दोघी काउंटरवर बसू. आमच्या रजेचे आम्ही पाहून घेऊ.