दाढीचं पातं

बंगळूरुला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टर लगेच मिळालं नाही. सहा महिने आम्ही ईजीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत काढले. ही गोष्ट तिथली. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

युनिटमध्ये मी शिस्तीचा माणूस. लंगरमागच्या ड्रममध्ये ओला-सुका कचरा एकत्र दिसला की पोरांना सुनावणार. घरी मात्र कचरा हा बायकोचा विषय. भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, कॅन्टीनच्या सामानाची वेष्टनं आणि माझ्या दाढीची पाती, सगळं एकाच काळ्या पिशवीत. गाठ मारायची, पीटीला जाताना दारात ठेवायची. संपलं.

एका रविवारी मी घरीच होतो. पिशवी न्यायला येणाऱ्या अक्का दारातच बसून आमचा कचरा हाताने वेगळा करत होत्या. एकदम हात झटकला. अंगठ्याखालून रक्त. बोटांत माझं पातं. त्या कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. चौथीतली माझी मुलगी शाळेत कन्नड शिकलेली. ती म्हणाली, "पप्पा, त्या विचारतायत, हे कागदात का नाही गुंडाळलं?"

अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पट्टी बांधली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. त्यांचं सारखं एकच चाललं होतं, पुढची गल्ली राहिली आहे.

त्यानंतर मी चौकशी केली. या शहराचा कचरा वर्षानुवर्षं मंडूर गावाजवळ पडायचा. गावकऱ्यांनी आंदोलन केलं आणि डिसेंबर २०१४ पासून तिथं गाड्या जाणं थांबलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नियम घालून दिला: ओल्याला हिरवा डबा, सॅनिटरी आणि धोकादायक कचऱ्याला लाल डबा, सुक्याला पिशवी. म्हणजे नियम होता. मीच पाळत नव्हतो. जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर तलावाकाठचं गवत आणि कचरा पेटला, तेव्हा शेजारच्या एएससी सेंटरचे सुमारे पाच हजार जवान आग विझवायला उतरले होते. लोकांनी टाकलेलं शेवटी कोणाला तरी उचलावं लागतं. त्या वेळी ते आपल्या लोकांनी उचललं. माझं पातं अक्कांनी उचललं.

घरात तिघांनी कामं वाटून घेतली. पाती माझ्याकडे. बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत साठवायची, भरली की चिकटपट्टी लावून वर्तमानपत्रात गुंडाळायची. वर लाल खूण मुलगी करते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, तो लहान तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. चीर द्यायची, पिशवी धुऊन दोरीवर वाळवायची. इथं प्लास्टिकच्या पिशवीला 'कवर' म्हणतात. "कवर बेडा", म्हणजे नको, हे माझं पहिलं कन्नड वाक्य. इडलीच्या गाड्यावर सांबारासाठी स्टीलचा डबा नेऊ लागलो. पहिले काही दिवस लोक बघायचे, मग गाडीवाला डबा बघून चार पळ्या जास्त घालू लागला.

ओल्या कचऱ्याची फजिती झाली. मडक्यात साठवला तर आठवड्यात अळ्या आणि वास. घरमालक वैतागले. बायको म्हणाली, गावी उकिरड्यावर आई राख आणि पाचोळा टाकायची, तुम्ही नुसतं ओलंच टाकताय. रस्त्यावरच्या झाडांचा पाचोळा गोळा करून प्रत्येक थरावर टाकला, तेव्हा जमलं. दोन महिन्यांनी खत घरमालकांच्याच तुळशीत गेलं.

सगळंच जमलं असं नाही. मुलीची चिप्सची पाकिटं आणि कॅन्टीनच्या बिस्किटांची वेष्टनं अजून येतात. पण आधी रोज एक काळी पिशवी निघायची, आता सुक्याची पिशवी आठवड्यातून दोनदा निघते.

क्वार्टर मिळालं त्या दिवशी सामान बांधताना अक्का आल्या. मी पिशवी दिली. त्यांनी ती उघडली नाही. तशीच गाडीत ठेवली आणि मुलीच्या गालाला हात लावून पुढच्या गल्लीत गेल्या.

दाढी आपण सगळेच रोज करतो. पातं कुठं टाकता, ते एकदा बघा.

जय हिंद.