रिकामी खोली

आमच्या महाविद्यालयांत संगणकावर चित्रें काढणाऱ्या एका कलावंतास वर्षभर ठेवून घेण्याचा ठराव आला, तेव्हां आम्हींच त्यास विरोध केला. जींत हातास रंग लागत नाहीं, ती कला कसली? ठराव बारगळला.

मागाहून हेरॉल्ड कोहेनची हकीकत वाचली. हा इंग्रज चित्रकार १९६८ मध्यें वर्षभराचा पाहुणा म्हणून सॅन डिएगोच्या विद्यापीठांत गेला आणि तेथेंच रमला. रेखाटनाचे नियम लिहून त्यानें ‘ॲरन’ ही आज्ञावली चित्रें काढण्याजोगी केली. रंग मात्र पुष्कळदां स्वतःच्या हातानें भरी. २०१६ मध्यें निवर्तेपर्यंत त्याचा हा उद्योग चालू होता.

आमच्या पाहुण्यासाठीं योजिलेली खोली अजून रिकामीच आहे. आमच्या हातास तरी रंग कधीं लागला होता? पण हें त्या सभेंत आम्हांस कोणीं विचारलें नाहीं.