सहावी जागा

शाळेच्या स्मरणिकेत अभ्यासिकेच्या, क्रीडांगणाच्या, स्नेहसंमेलनाच्या आठवणी असाव्यात, ही अपेक्षा रास्तच आहे. आम्हां सहा सहाध्यायांना मात्र या पानांवर एका संगणकीय खेळाविषयी लिहावयाचे आहे. तो खेळ म्हणजे पोकेमॉन. आणि त्यातही सहा काल्पनिक जीवांचा संघ बांधून दुसऱ्या खेळाडूच्या संघाशी झुंजण्याचा त्याचा भाग. हे वाचून पालकमंडळींच्या कपाळावर आठी उमटेल, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही लिहीत आहोत; कारण या खेळाच्या निमित्ताने आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तो खेळापुरता उरला नाही. सर्वांत दुबळ्याला संघात जागा का द्यावी, हा तो प्रश्न.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्यांत पोकेमॉनचा पहिला खेळ विक्रीस आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता आणि त्या नादातूनच या खेळाची कल्पना सुचली. खेळाची रचना अशी, की कोणत्याही एका आवृत्तीत सगळे जीव सापडत नाहीत. संग्रह पुरा करावयाचा तर दुसऱ्याचे यंत्र तारेने आपल्या यंत्राला जोडून देवाणघेवाण करावी लागे. म्हणजे सोबत्याची गरज या खेळात पहिल्या दिवसापासून आहे.

आमची त्याच्याशी ओळख झाली ती दूरदर्शन संचावरच्या हिंदी मालिकेमुळे. खेळावयाचे यंत्र आमच्यापैकी कोणाच्याही घरी नव्हते. एका दिवाळीच्या सुटीनंतर आमच्यातला एक जण गावाकडच्या सायबर कॅफेतून प्रकारांचा तक्ता कागदावर उतरवून घेऊन आला. तेव्हा जीवांचे सतरा प्रकार होते. २०१३ साली त्यांत अठराव्याची भर पडली. आम्ही गणिताच्या चौकटीच्या वहीत सतरा आडव्या आणि सतरा उभ्या ओळींचा तो तक्ता आखला. जल अग्नीवर दुप्पट प्रभावी, अग्नी वनस्पतीवर, वनस्पती जलावर. विद्युतेचा आघात भूमीवर शून्य. पाषाणाचा आघात उडत्या जीवावर दुप्पट. दोनशे एकोणनव्वद चौकोन भरता भरता तो तक्ता तोंडपाठ झाला आणि चिठ्ठ्यांवर नावे लिहून आम्ही खाटेवर बसून लढती लावू लागलो. दहावीनंतर वाटा फुटल्या. आज आमच्यातला एक जण नाशिकला रुग्णालयात परिचारक आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एक पुण्यात संगणकावर काम करणारा, एक एसटीच्या कार्यशाळेत, एक छत्रपती संभाजीनगरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा आणि एक गावी शेती करणारा. पुढे 'पोकेमॉन शोडाउन' नावाच्या विनामूल्य संकेतस्थळावर जुन्या नियमांनी खेळता येते, असे कळले. तेव्हापासून रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही फोनवर एकत्र येतो. एक जण संगणकासमोर बसतो, बाकीचे सल्ला देतात. नियम एकच: संघात सहा जागा, प्रत्येकाने एक जीव निवडावयाचा आणि त्याची जबाबदारी घ्यावयाची.

आता संघबांधणीविषयी. नवख्याला वाटते की सर्वांत बलवान असे सहा निवडले की संघ झाला. परंतु या खेळात प्रत्येक बळाला त्याची उणीव जोडलेली असते. ब्लिसी नावाच्या जीवाची मूळ प्राणशक्ती २५५ आहे. तिच्याइतकी प्राणशक्ती क्वचितच कोणाला लाभली असेल. मात्र थेट शारीरिक आघातापासून तिचा बचाव अवघा १०. एखाद्या लढाऊ जीवाने जोराचा ठोसा दिला की ती कोसळते. उलट, पोलादी पंखांच्या स्कार्मरीचा तसा बचाव १४०; पण अग्नी आणि विद्युत तिला सोसत नाहीत. या दोघी शेजारी उभ्या राहिल्या की शारीरिक आघात एकीने झेलावा, इतर शक्तींचा आघात दुसरीने. जुने खेळाडू या जोडीला वर्षानुवर्षे ओळखतात. आमच्या संघाचा पाया तीच होती.

त्यापुढे स्वॅम्पर्ट आला. तो जल आणि भूमी या दोन्ही प्रकारांचा. स्कार्मरीला नकोशी असलेली वीज त्याला मुळीच लागत नाही आणि अग्नीही निम्माच लागतो. त्याला धोका फक्त वनस्पतीचा, आणि तोही चौपट. वनस्पतीचा आघात मात्र स्कार्मरीला एक चतुर्थांशच जाणवतो. म्हणजे याचे संकट ती घेते, तिचे संकट हा घेतो. अशी एकमेकांत गुंतलेली जोडी सापडली की संघ उभा राहू लागतो. यानंतर चपळाई हवी म्हणून स्टार्मी आणि प्रहार हवा म्हणून शिंगधारी भुंगा हेराक्रॉस. जो जीव अधिक चपळ, त्याची चाल आधी. म्हणून केवळ सोसणाऱ्यांचा संघ अपुरा पडतो. कोणाला कोणत्या गुणात किती तयार करावयाचे, यालाही मर्यादा आहे. प्रत्येक जीवाला सरावाचे एकूण ५१० गुण मिळतात आणि त्यांतले एका गोष्टीवर २५२ च्या वर खर्च करता येत नाहीत. दोन गोष्टी पूर्ण भरल्या की हातात सहा उरतात. ठरावीक पगारात घर चालवणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

सहावी जागा आमच्या शेतकरी मित्राची होती. त्याने निवडला शेडिंजा. झाडाच्या खोडाला चिकटलेली, किड्याने टाकून दिलेली पोकळ कात आपण पाहिलेली असते. शेडिंजा म्हणजे तशी कात. निंकाडा नावाचा किडा मोठा होऊन उडून जातो आणि मागे हे टरफल उरते. त्याची प्राणशक्ती १. कितीही सराव दिला तरी १. सर्व मूळ गुणांची बेरीज २३६. दिग्गज म्हणविल्या जाणाऱ्या मेटाग्रॉसची ६००. मात्र त्याच्यापाशी एक विलक्षण देणगी आहे: ज्या प्रकारांपुढे तो दुबळा आहे, ते पाच वगळता कोणत्याही प्रकारचा थेट आघात त्याला लागत नाही. अग्नी, पाषाण, उडता, भूत आणि अंधार हे ते पाच. पण थेट आघाताखेरीज मरण येण्याच्या वाटाही पुष्कळ आहेत. प्रतिपक्ष 'स्टेल्थ रॉक' ही चाल खेळून मैदानात टोकदार दगड पेरून ठेवतो. शेडिंजा आत आला की पहिल्याच क्षणी संपला. टायरेनिटार नावाचा जीव येताच वाळूचे वादळ उठते. त्या वादळाच्या पहिल्या फटक्यालाही तो संपला. म्हणून स्टार्मीने 'रॅपिड स्पिन' या चालीने दगड दूर करावयाचे आणि हेराक्रॉसने टायरेनिटारवर चौपट प्रभावाचा ठोसा हाणावयाचा, अशी कामे आम्ही वाटून घेतली होती.

एका रब्बी हंगामात आमच्या मित्राच्या गावी शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री येऊ लागली. रात्रपाळीच्या आठवड्यात तो पाणी द्यायला शेतात. बांधावर फोनला जेमतेम संपर्क मिळे. दोन-तीन रविवार तो आलाच नाही. मग एकदा बोलणे झाले तेव्हा म्हणाला, "अरे, माझ्या एका टरफलासाठी तुमच्यातले दोघं राबतात. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मेटाग्रॉस घ्या. मलाही यायला जमत नाही." बोलणे खेळाचे होते, पण त्यात खेळाबाहेरचे काय आहे, हे आम्हां पाचांनाही कळत होते. आमच्यात लवकर शिक्षण सुटलेला तो एकटाच. आधी त्याचा जीव संघातून गेला असता, मग त्याचा आवाज रविवारच्या फोनवरून.

त्याच्याच आग्रहाने काही आठवडे मेटाग्रॉस घेऊन खेळून पाहिले. शेडिंजा नाही म्हटल्यावर स्टार्मीकडे दगड हटवण्याचे काम ठेवण्याचे कारण उरले नाही; त्या चालीच्या जागी आणखी एक प्रहार आला. कागदावर संघ अधिक बलवान झाला. परंतु मैदानातले दगड आता मैदानातच राहू लागले. स्कार्मरी आत आली की तिची एक अष्टमांश प्राणशक्ती जाई. ब्लिसीची तेवढीच, स्टार्मीची आणि हेराक्रॉसचीही तेवढीच. आमची लढण्याची सारी रीत माघार घेऊन योग्य साथीदाराला पुढे करण्याची. त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीला हा दंड भरावा लागे. वादळाचेही तसेच. ते पोलाद, पाषाण आणि भूमी यांना सोडून इतरांचा दर डावाला सोळावा हिस्सा हिरावून घेते. टायरेनिटारला वेळीच अडवण्याची निकड संपली, तशी ब्लिसी, स्टार्मी आणि हेराक्रॉस तिघेही झिजू लागले.

यातून जे उमगले, ते आमच्या शिक्षक मित्राने नेमक्या शब्दांत सांगितले. दगड शेडिंजाला मारतात म्हणून आपण हटवत होतो; पण ते टोचत सगळ्यांनाच होते. वादळ त्याला संपवते म्हणून आपण अडवत होतो. पण ते आणखी तिघांना झिजवत होते. बलवानाला ती झीज सोसवते, म्हणून ती दिसत नाही. दुबळ्याला सोसवत नाही, म्हणून तिचा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो बंदोबस्त सर्वांच्या कामी येतो. हे ऐकताना आम्हां सर्वांनाच वसतिगृहातली सायंकाळची अभ्यासिका आठवली. अपूर्णांकांची बेरीज एका मुलाला समजेना, म्हणून गुरुजी भाकरीचे तुकडे करून ती पुन्हा पहिल्यापासून शिकवीत. ज्यांना ती 'येत' होती, अशा आमच्यापैकी कित्येकांना छेद समान का करावयाचा, हे तेव्हाच खरोखर समजले.

मित्राला आम्ही हा सारा हिशेब ऐकवला. दयेने दिलेली जागा त्याने घेतली नसती, आणि आम्हीही ती तशी देऊ केली नसती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग दिवसाच्या विजेच्या आठवड्यात येतो." शेडिंजा संघात परतला.

त्यानंतरची एक लढत सांगण्याजोगी आहे. आमचे पाचही जीव गारद झाले होते. समोर एकच उरला होता, पण तो सुइक्यून: जल प्रकारचा, चिवट, आपले बळ सावकाश वाढवत नेणारा आणि निजून पुन्हा ताजातवाना होणारा. त्याच्याकडे आघाताची चाल एकच, पाण्याची. आमच्याकडे उरला होता एका प्राणशक्तीचा शेडिंजा. पाण्याच्या लाटेमागून लाट आली आणि टरफल जिथल्या तिथे उभे राहिले. मैदानात दगड नव्हते, वादळ नव्हते. ते साफ करता करताच स्टार्मी आणि हेराक्रॉस कामी आले होते. बांधावरून मित्र सांगत गेला तसतशी आम्ही प्रहाराची धार वाढवीत गेलो आणि लढत संपवली. मेटाग्रॉसच्या सहाशे गुणांना त्या लाटा अशा अंगावर घेता आल्या नसत्या. तरीही स्पष्ट सांगतो, की शेडिंजा असूनही आम्ही पुष्कळ लढती हरतो. संघ समतोल असला म्हणून विजयाची हमी मिळत नाही.

जागतिक पातळीवरही असे उदाहरण घडले आहे. २०१४ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विजेता ठरला. तेथे लढती दोन-दोन जीवांच्या असतात. त्याच्या संघात ६०० गुणांच्या गारचॉम्पशेजारी ४०५ गुणांचा पाचिरिसू होता: खारीसारखा इवलासा, विजेचा जीव. कोणताही जाणकार त्याला गंभीरपणे घेत नसे. पण शत्रूचा आघात स्वतःवर ओढून घेण्याची चाल त्याच्याकडे होती आणि विजेचा आघात तर तो पचवून टाकी. त्याच्या आडोशाने विजेला भिणारा गायराडोस निर्धास्त लढू शकला. पाचिरिसूला जागा मिळाली ती त्या कामासाठी, आणि ते काम संघातला दुसरा कोणी करू शकत नव्हता.

पालकहो, मुलाने हा खेळ किती वेळ खेळावा, हे ठरवणे आपल्याच हाती आहे आणि असावे. आमची विनंती एवढीच, की तो खेळताना दिसला तर कधीतरी त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे, "तुझ्या संघातला हा सहावा कशासाठी आहे?" त्याने 'बलवान आहे म्हणून' असे उत्तर दिले, तर त्याला अजून खेळ शिकायचा आहे. पण हा कोणाचे संकट अंगावर घेतो आणि याचे संकट कोण घेतो, हे तो सांगू लागला, तर पुढचे आपणही ऐकावे.

आणि आजी विद्यार्थ्यांसाठी एक निरोप. चौकटीच्या वहीतला तो तक्ता आमच्या शिक्षक मित्राने जपून ठेवला आहे. पुढच्या मेळाव्याला आम्ही सहाही जण येऊ, तेव्हा तो घेऊन येऊ. मेळावा कोणत्या रविवारी ठेवावयाचा, याबद्दल समितीला मात्र एक सुचवणी आहे: आमच्या मित्राच्या गावची वीज त्या आठवड्यात दिवसाची असावी.